अलंगची लाइफबोट नर्मदेत चालेल का?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

आदरणीय काका, मी बडोद्याला रावपुऱ्यात राहतो. वय 36, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत सेल्समध्ये आहे. मार्चमध्ये ऑफिससाठी जुनं फर्निचर बघायला अलंगला, म्हणजे जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, गेलो होतो. तिथल्या एका खाड्यात (जहाजांचं जुनं सामान विकतात त्या वाड्याला तिथे खाडा म्हणतात) भंगारातल्या जहाजांच्या नारिंगी लाइफबोटी ओळीने ठेवल्या होत्या. एक बोट 1 लाख 80 हजारांना मिळतेय. पाटीवर 40 माणसांची क्षमता लिहिली आहे. वरचं छत कापून, रंग मारून, बाकं बसवून नर्मदाकाठच्या चांदोद-गरुडेश्वरच्या बाजूच्या रिसॉर्टवाल्यांना दिली तर 4 लाख कुठे गेले नाहीत, असं एक दलाल म्हणाला. वर्षाला दहा बोटी झाल्या तर पगारापेक्षा जास्त सुटतील. मेहुण्यांचा ट्रक आहे. पीएफमधून 9 लाख काढून सुरुवात करावी असं मनात आहे. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचारा. धंदा बरा आहे का, जुनी बोट पारखायची कशी आणि नोकरी सोडू का, एवढं सांगा.

*

सगळ्यात आधी एक सांगतो, बाकीचं मागाहून बोलू: त्या बोटीचं छत कापू नका.

मी मकरपुरा जीआयडीसीत 28 वर्षं फायबरचं वर्कशॉप चालवलं. टाक्या, केमिकल कंपन्यांचे डक्ट, आणि मधूनमधून तलावांवरच्या नि धरणांवरच्या बोटींची दुरुस्ती. त्यातली काही वर्षं जुन्या बोटी घेऊन, नीट करून विकल्याही. त्यात कमावलं आणि गमावलंही. म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला या धंद्यापासून पळवून लावायचा माझा विचार नाही. बडोद्यात बसून हा धंदा करता येतो. पण तुम्ही ज्या बोटीवर बोट ठेवलंय, त्या बोटीपासून नव्हे.

लाइफबोट फिरायला जायच्या कामासाठी घडवलेली नसते. जहाज बुडायला लागलं की माणसं जिवंत ठेवायची, एवढ्याच कामासाठी तिची रचना असते. पाटीवरचा 40 हा आकडा म्हणजे पट्टे बांधून, खांद्याला खांदा लावून, जागचं न हलता बसलेली 40 माणसं. आंतरराष्ट्रीय नियमात एका माणसाचं वजन 75 किलो धरलेलं असायचं, मालवाहू जहाजांसाठी ते नंतर 82.5 किलो झालं. वेगाची अपेक्षाही बेताचीच, भरलेल्या बोटीने शांत पाण्यात ताशी 6 सागरी मैल गाठले तरी पुरे. बंद छताची लाइफबोट उलटली तर आपोआप सुलटी होते हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण ते घडतं त्या बंद छतामुळे आणि आतली माणसं पट्ट्यांनी जागेवर बांधलेली असतात म्हणून. छत कापलं की ती सोय गेली. शिवाय छत आणि तळ मिळून एक पेटी होते, म्हणून ती बोट ताठ राहते. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका हातात धरून पिळून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. उरलेल्या तळावर तुम्ही बाकं बसवणार, त्यावर माणसं उभी राहणार, फोटो काढायला सगळी एका बाजूला धावणार. त्या बोटीचं, त्या वजनाचं, त्या हालचालीचं गणित कुणीही केलेलं नाही.

आणि पाटी? ती तशीच राहील. तुम्ही विकाल त्या रिसॉर्टवाल्याला तुम्ही कदाचित समजावून सांगालही. पण दोन वर्षांनी त्याच्याकडे तिकीट फाडायला बसलेला पोरगा पाटी वाचेल आणि 40 माणसं बसवेल.

हरणीच्या तलावाचं नाव काढल्याशिवाय बडोद्यातल्या माणसाने बोटीबद्दल लिहूच नये, असं मला वाटतं. 18 जानेवारी 2024. शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त जणांना बसवलं होतं, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. त्या संध्याकाळी मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं, की आजवर माझ्या हातून गेलेल्या बोटी आता कुणाकडे आहेत, कुठे आहेत, त्यात किती माणसं बसतात. दुसऱ्या दिवशी जुन्या वह्या काढल्या आणि जेवढे नंबर लागले तेवढ्यांना फोन केले. दोघांनी बोटी पुढे विकल्या होत्या, कुणाला ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. या धंद्यात माल हातातून गेला की विषय संपत नाही. ज्याला हे ओझं नको असेल त्याने जुनी फर्निचरं विकावीत, तीही अलंगला चांगली मिळतात.

आता तुमचा हिशोब घेऊ. 1 लाख 80 हजारांची बोट, 4 लाखांना विक्री, म्हणजे 2 लाख 20 हजार सुटले असं तुम्ही धरलंय. माझ्या अनुभवाने मी मधले खर्च लिहितो, तुम्ही तुमच्या दराने तपासा. आठ मीटरच्या बंद लाइफबोटीचं रिकामं वजनच साडेतीन-चार टन सहज भरतं, तेव्हा चढवायला आणि उतरवायला दोन्हीकडे हायड्रा, म्हणजे चाकांची क्रेन, लागणार, त्याचे 15 हजार. मेहुण्यांचा ट्रक इथे कामाचा नाही. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी मालासकट 2.6 मीटरपर्यंत चालते, बोट त्याहून रुंद निघाली की ओव्हर-डायमेन्शनचा माल होतो, लो-बेड ट्रेलर आणि परवानगी लागते. 35 हजार धरा. रेझिन, मॅट, जेलकोट, रंग आणि कारागिराची मजुरी 65 हजार. इंजिन खोलून बसवायचे 30 हजार. चार महिने ठेवायला जागा, महिना 5 हजारांनी 20 हजार. आणि अडकलेल्या तीन लाखांवर सहा महिन्यांचं व्याज, महिना एक टक्क्याने 18 हजार. बेरीज झाली 3 लाख 63 हजार. समोरच्याने घासाघीस करून 3 लाख 60 हजारांवर आणलं, आणि तो आणणारच, की तुमच्या हाती उणे 3 हजार. कर यात धरलाच नाही.

वर कागदांची गोष्ट. 1917 चा जुना कायदा रद्द करून 2021 मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. नदी, तलाव, धरण, कुठेही यांत्रिक बोट माणसं घेऊन चालवायची तर नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा हवा. सर्वेक्षक बोटीचे नकाशे मागतो, स्थैर्याचं गणित मागतो. छत कापलेल्या लाइफबोटीचं ते तुम्ही कुठून आणणार? तुमच्याकडे खाड्याचं बिल असेल, तेही पक्कं मिळालं तर. म्हणजे जो रिसॉर्टवाला कायद्याने चालतो तो ती घेणार नाही, आणि जो घेईल तो कसा चालवेल या काळजीने तुम्हाला रात्री झोप लागायची नाही.

अलंगला जाऊच नये असं मात्र नाही. 1983 पासून तिथे जहाजं किनाऱ्यावर घेतली जातात. खंभातच्या आखातातली भरती एवढी मोठी की अख्खं जहाज तिच्या जोरावर वाळूत येऊन बसतं. त्रापजच्या रस्त्याला लागलेल्या त्या खाड्यांमध्ये खरा माल लाइफबोटीच्या पोटात असतो: तिचं डिझेल इंजिन. जहाजावर नियम असा की लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला निदान तीन मिनिटं चालवायचं आणि बोट तीन महिन्यांतून एकदा पाण्यात उतरवायची. आता तुम्हीच मांडा, जहाज 25 वर्षांचं असलं तरी ते इंजिन मुळात किती तास चाललं असेल! रबरी सील वाळलेले असतात, खाऱ्या पाण्याने थंड होणारं असेल तर आतले मार्ग गंजाने बुजलेले असतात, पण पिस्टन-लायनर पुष्कळदा नव्यासारखे निघतात. असं एक इंजिन घ्या, खोला, धुवा, सील बदला, स्टँडवर दोन तास चालवून दाखवा आणि विका. ट्रकमध्ये मावतं, ओळखीच्या एका मेकॅनिककडे काम होतं, पैसे सहा महिने अडकत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष हेच केलं असतं. कुणाला अख्खी लाइफबोट कॅफेसाठी, शेतावरच्या खोलीसाठी हवी असेल तर जमिनीवर ठेवायला जरूर विका. बिलावर ‘पाण्यात वापरासाठी नाही’ असं लिहा आणि क्षमतेची पाटी स्वतःच्या हाताने उपटून काढा. एक गोष्ट मात्र खाड्यात कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, जुनी लाइफ जॅकेट. ती विकून चार पैसे सुटतात. पण ती ज्याच्या अंगावर असेल तो तिच्यावर विसंबून पाण्यात उतरतो.

आता पारख, कारण खरा धंदा तिथे आहे. बोटीत नफा विकताना होतो असं सगळ्यांना वाटतं. तो घेतानाच झालेला असतो किंवा बुडालेला असतो. लहान फायबर बोटी, पंधरा-अठरा फुटी, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेर लटकणारं इंजिन, लावायच्या, या तुम्हाला तलावांच्या ठेकेदारांकडे, बंद पडलेल्या वॉटर पार्कात, कधी सरकारी लिलावात मिळतील. सरकारी भंगाराचे बरेच लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या साइटवर लागतात. तिथे माल ‘जसा आहे, जिथे आहे’ असा असतो, म्हणून प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बोली लावायची नाही.

2009 मध्ये मी अशीच एक अठरा फुटी बोट 95 हजारांना घेतली. एका तलावाच्या ठेकेदाराची होती, पांढरा रंग, निळा पट्टा, इतकी सुंदर की हात फिरवत राहावंसं वाटे. ‘साहेब, एकदम चालू कंडिशन छे.’ फायबरमध्ये आयुष्य घालवलेला माणूस मी, पण त्या ताज्या रंगाने फसलो. दिसतं तसं नसतं, ते हेच. येताना कपुराईजवळ टोइंगवाल्याने सहज म्हणून वजनकाट्यावर गाडी घेतली. अशी बोट सहाशे-साडेसहाशे किलो भरायला हवी. ट्रेलरचं वजन वजा करून ती भरली 940. काट्यावरच्या मुलाला मी पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. वर्कशॉपला आल्यावर ग्राइंडरने डेकची एक चौकट कापली. खाली फोम होता, बोट बुडू नये म्हणून भरतात तो. अंगठा दाबला तर अंगठ्याभोवती पाणी आलं. ताडपत्रीवर ढेप काढून पिळली तर हिरवट, कुजका वास असलेलं पाणी ओघळलं. तीनशे किलो पाणी ती बोट वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरत होती, आणि वर माणसं बसत होती. मागचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन ज्याला लटकतं ती फळी, आतून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. 70 हजार आणखी घालून ती मी नीट केली आणि 1 लाख 40 हजारांना विकली. 25 हजारांचा तोटा. पण त्यानंतर वजनकाटा झाल्याशिवाय मी एकही बोट घेतली नाही. बडोद्याच्या बाहेर कुठल्याही हायवेला काटा असतो, पावतीला किरकोळ पैसे लागतात, आणि ती पावती विक्रेत्याच्या शंभर शब्दांपेक्षा खरं बोलते.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि ‘येतोय’ म्हणून अर्धा तास आधी फोन करू नका. पोचल्यावर बोलण्याआधी इंजिनावर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी त्याला चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते चालू होत नाही. गार इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या दोरीत उठलं पाहिजे. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक चूळ सुटते, ती सलग आणि जोरात हवी. तुटक आली तर पंपाचं पातं गेलंय किंवा आत मीठ साचलंय. खालच्या गिअरच्या भागाचा स्क्रू जरासा सैल करून तेलाचा थेंब बोटावर घ्या. दुधाळ दिसला तर सीलमधून पाणी शिरलंय, आणि आत गिअर किती खाल्लेत ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो.

मग बोटीकडे वळा. इंजिन तसंच लटकलेलं ठेवून त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी वर-खाली हलवा आणि कुणाला तरी ट्रान्समकडे बघत उभं करा. फळी जरा जरी हलली, बोल्टभोवती केसासारखी चीर दिसली, तर किंमत तिथेच पडली. लहान हातोडीची मूठ किंवा एक नाणं घेऊन सगळा तळ टकटक वाजवत जा. धड फायबर खणखणीत वाजतं, ओला किंवा सुटलेला थर भद्द वाजतो. हे लिहून कळत नाही, पाच-सहा बोटी वाजवल्या की कानाला कळायला लागतं. भद्द वाजेल तिथे खडूने गोल करा. शेवटी लांब उभं राहून बघितलं की ते गोल तुम्हाला सगळी गोष्ट सांगतात: एका बाजूलाच असतील तर ती बोट कुठेतरी आपटलीय, तळभर विखुरलेले असतील तर पाणी झिरपत गेलंय. डेकवर बूट काढून अनवाणी चाला, तळव्यांना मऊपणा लगेच लागतो. नवा रंग असेल तर त्याला विचारा कधी दिला आणि का दिला. विकायच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या रंगाला माझ्या वहीत रंग म्हणत नाहीत, झाकण म्हणतात.

हे सगळं झाल्यावर पाण्यात. जितकी माणसं बसणार तितक्या वजनाची वाळूची पोती भरून अर्धा तास. विक्रेता कुरकुरला तर परत या.

घ्यायची वेळही सांगतो. जूनमध्ये मासेमारी बंद होते, पावसाळ्यात तलावांवरचं बोटिंगही बहुतेक ठिकाणी थांबतं, बोटी वर ओढलेल्या असतात. तळ उघडा दिसतो आणि मालकाला पैशाची गरज असते. नारळी पौर्णिमा झाली की कोळी पुन्हा समुद्रात उतरतात, दिवाळीच्या सुट्ट्यांसाठी रिसॉर्टवाले शोधाशोध करू लागतात, भाव चढतात. म्हणजे आषाढात घेऊन आश्विनात विकायची. मधल्या ओल्या हवेत मात्र रेझिनचं काम नीट होत नाही. ओल्या फायबरवर मारलेला नवा थर वरून घट्ट दिसतो आणि चार महिन्यांनी पापुद्र्यासारखा निघतो. पावसाळ्यात बोट बंद शेडमध्ये उघडी करून फक्त वाळवा, इंजिनाचं काम उरका, आणि लॅमिनेशन, म्हणजे फायबरचे नवे थर चढवणं, गणपती झाल्यावर. चीर जोडताना कडा उताराने घासायच्या, जाडीच्या बारा पट लांब उतार, नाहीतर जोड म्हणजे नुसतं ठिगळ. कारागीर घाई करेल, उभं राहून करून घ्या.

मासेमारीच्या मोठ्या लाकडी बोटींच्या वाटेला जाऊ नका. त्यांची नोंदणी, परवाना, डिझेलची सवलत हे वेगळंच जग आहे आणि वेरावळ-पोरबंदरची माणसं त्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

त्याउलट आपल्या शहरातच एक गिऱ्हाईक आहे ज्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, लोक दोन-तीन दिवस वरच्या मजल्यांवर अडकले. पाणी उतरल्यावर आठवड्याभरात मला चार सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे फोन आले, जुनी पण चांगली होडी मिळेल का म्हणून. त्यांना वेग नको, दिखावा नको. सहा माणसं नि दोन म्हाताऱ्यांच्या खुर्च्या नेईल अशी सपाट तळाची फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमची होडी, वल्ही, दोर, नवी लाइफ जॅकेट, आणि वर्षातून एकदा येऊन बघणारा माणूस हवा. तो माणूस तुम्ही व्हा. हवेच्या रबरी बोटी घ्यायच्या झाल्या तर पूर्ण फुगवून चोवीस तास सावलीत ठेवा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा कापडातून आला तर ठिगळ लागतं, सांध्यातून ओळीने आले तर डिंकच मेलाय, सोडून द्या. या धंद्यात एका होडीमागे दहा-पंधरा हजार सुटतील, जास्त नाही. पण गिऱ्हाईक रावपुऱ्यापासून स्कूटरवर पोचता येईल इतकं जवळ आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात ते तुम्हालाच फोन करेल.

करांचं थोडक्यात. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर, जीएसटी पूर्ण किमतीवर न भरता फरकावर भरता येतो. मालाच्या धंद्यात आपल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण दमणला किंवा महाराष्ट्रात एक जरी बोट विकली तरी नोंदणी लागते. पहिल्या खरेदीच्या आधी सीएकडे एक तास बसा.

नोकरी सोडू नका. आणि पीएफला हात लावू नका. त्या 9 लाखांत तुमची सोळा-सतरा वर्षं आहेत, आणि बोट हा असा माल आहे की विकला जात नाही तोवर रोज थोडा थोडा सडतो. तुमच्याकडे शनिवार-रविवार आहेत, सेल्सचा अनुभव आहे, म्हणजे माणसांशी बोलता येतं. एक लाख बाजूला काढा, गेले तरी घरात चूल पेटायची थांबणार नाही असे. त्यात एक इंजिन किंवा एक लहान होडी. ती विकली गेली, पैसे हातात आले, की मगच दुसरी. अशा पाच झाल्यावर, त्यातल्या किती वेळा हिशोब आधी लिहिला तसाच उतरला ते बघा, आणि नोकरीचा प्रश्न मला तेव्हा विचारा. मेहुण्यांना सोबत घ्यायचं असेल तर ट्रकचं भाडं दर फेरीला रोख द्या, भागीदारी आत्ताच नको. तोटा झाला तर तो तुमच्या वहीत राहू दे, तुमच्या बायकोच्या माहेरापर्यंत जायला नको.

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. दर बोटीचा हिशोब त्यांना दाखवत जा, घेण्याआधीच. ज्यांनी ‘आधी विचारा’ म्हटलं त्यांची नजर या धंद्यात तुमच्यापेक्षा तीक्ष्ण ठरेल असं मला वाटतं.

एखाद्या रविवारी चांदोदला जा. आपल्यापैकी बहुतेक घरांतली माणसं अस्थी घेऊन तिथल्या नावेत बसलेली असतात, तेव्हा कुणाचं लक्ष नावेकडे नसतं. या वेळी फक्त नावेकडे बघा. नावाडी माणसं कशी बसवतो, वजनदार माणसाला कुठे जा म्हणतो, काठापासून पाणी किती बोटं खाली राहिलं की ‘बस, आता नको’ म्हणून दोर सोडतो. घाटावर नाव उलटी घालून डांबर भरत असलेला कुणी दिसला तर त्याच्याजवळ तासभर बसा, चहा पाजा, विचारा. मला हे उंबरगावच्या एका तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या नाखव्यांनी, शिकवलं, पैसे न घेता, आणि ते मी आजवर फेडू शकलेलो नाही.

पहिली बोट पसंत पडली की बयाणा द्यायच्या आधी या सदराच्या पत्त्यावर तीन गोष्टी पाठवा: ट्रान्समचा आतल्या बाजूने काढलेला फोटो, खडूचे गोल दिसतील असा तळाचा फोटो, आणि वजनकाट्याची पावती.